मास्तरांचा डावा हात

शिरसाट मास्तर जमिनीवर बसलेले असले की त्यांना हाक मारायची नाही, हे मला नोकरीच्या पहिल्याच दिवशी बजावलं गेलं होतं. खुर्चीवर असताना काय हवं ते बोला, चहा पाजा, थट्टा करा. जमिनीवर बसले की ते ऑफिसात नसत. मी न राहवून मागच्या खोलीच्या दारातून डोकावले. साठीकडे झुकलेला, नाकावर चष्मा घसरलेला एक गृहस्थ सतरंजीवर मांडी घालून बसला होता. समोर वीतभर उंचीची बाहुली. तिच्या हातात किटली अडकवायची त्याची खटपट चालली होती आणि तो तिला मालवणीत विचारत होता, "काय गो चेडवा, चाय ओतूक जमता मां तुका?"

मी नाशिकची, सरळ विचार करणारी बाई. मला वाटलं, इथल्या उन्हाने या माणसाचं डोकं फिरलंय.

आमची कंपनी म्हणजे कुवेत सिटीतली खेळण्यांची एक जुनी पेढी. चीनमधल्या कारखान्यांतून बाहुल्यांच्या सामानाचे संच नमुन्यादाखल यायचे. नखाएवढ्या चपला, कंगवे, आरसे, शेगड्या, कपबश्या, जेवणाचे डबे, डॉक्टरांच्या नळ्या, काय वाटेल ते. यातला कुठला संच पास आणि कुठला नापास हे मास्तर ठरवायचे. ते नापास म्हणाले की विषय संपला, ऑर्डर नाही. त्यांचं मत इंग्रजीत लिहून कारखान्यांना कळवणं हे माझं काम. म्हणजे पाच वर्षं त्यांचं तोंड आणि माझी बोटं असा कारभार होता. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे जे झालं त्यातली पत्रं मी लिहिलेली आहेत आणि मास्तरांबद्दल लिहायला बसले की पहिल्यांदा मला माझाच राग येतो.

मास्तर मूळचे कुडाळजवळचे, व्यवसायाने शिंपी. कुवेती पुरुष घालतात तो पांढरा पायघोळ झगा, दिशदाशा, तो शिवायला ते फरवानियातल्या एका दुकानात आले होते. आमचे मालक अबू युसुफ त्यांचं गिऱ्हाईक. एकदा मालकांबरोबर त्यांची लहान मुलगी दुकानात आली, बाहुलीचा फाटलेला झगा घेऊन. मास्तरांनी तो शिवून दिला आणि वर मालकांनाच सुनावलं, "झगा फाटणारच. हिचा हात बाहीतून जात नाही, पोरगी ओढणार नाही तर काय करणार?" मालकांनी पुढच्या महिन्यात त्यांना पेढीवर आणलं. ते त्यांना 'मुअल्लिम' म्हणत. अरबीतही त्याचा अर्थ मास्तरच.

त्यांची तपासायची रीत अशी होती की पाहणाऱ्याला हसू यावं. खोका कधी कात्रीने उघडायचा नाही. पोराच्या हातात कात्री नसते, ते नखांनी आणि दातांनी उघडणार, म्हणून मास्तरही नखांनी आणि दातांनीच उघडत. टेबलावर काही ठेवायचं नाही, कारण पोर जमिनीवर खेळतं. मग बाहुलीला सकाळी उठवण्यापासून सुरुवात. तिचे केस विंचरायचे, चपला घालायच्या, शेगडीवर किटली चढवायची, डबा भरायचा, पाहुणे आले तर कपबश्या मांडायच्या. एका संचाला अख्खी दुपार लागे. या काळात ते बाहुलीशी अखंड बोलत आणि फक्त मालवणीत. आमच्याशी बोलायची भाषा वेगळी, जरा इस्त्री केलेली. बाहुलीपुढे मात्र ते आपल्या गावात असत.

आणि हे सगळं डाव्या हाताने. मास्तर उजवे होते, लिहीत उजव्याने, जेवत उजव्याने. पण बाहुलीचं बटण, बक्कल, झाकण, काहीही लावायचं असलं की उजवा हात मांडीखाली दाबून ठेवायचे. मी कारण विचारलं तेव्हा म्हणाले, "बाय, मी चाळीस वर्षांचा शिंपी. माझ्या उजव्या हाताला सुईच्या नेढ्यातून दोरा डोळे मिटून ओवता येतो. त्या हाताने तपासलं तर जगातली सगळी खेळणी पास. मोठ्या माणसाचा डावा म्हणजे पाच वर्षांच्या पोराचा उजवा. मी बघितलंय ते."

खरंच बघितलं होतं. नोकरीला लागल्यावर पहिल्याच सुट्टीत गावी गेले, आळीतली सगळी पोरं अंगणात बसवली, त्यांना बाहुलीची बटणं लावायला दिली आणि स्वतः डाव्या हाताने त्यांच्याबरोबर लावत बसले. बरोबरीत सुटले म्हणे. त्यांची बायको सुलभा दारात उभी राहून कपाळाला हात लावत होती. माणूस दोन वर्षांनी घरी आला आणि भावल्यांशी खेळत बसला.

चिडायचेही ते भारी. एकदा एका मोठ्या कारखान्याचा स्वयंपाकाचा संच आला. दिसायला इतका देखणा की आम्ही सगळ्या बायका खोलीत जमलो. तव्यावर पिवळंजर्द अंडं होतं. मास्तरांनी इवलासा कालथा घेतला, अंड्याखाली घातला. अंडं हलेना. ते तव्याला चिकटवूनच टाकलं होतं. मास्तरांचा चेहरा असा झाला की जणू कोणी त्यांच्या पानात दगड वाढलाय. "कालथा कशाला दिला मग? लिही त्यांना. एक तर परतता येऊ दे, नाहीतर कालथा देऊ नका. खोटं अंडं चालेल. पोराला फसवायचं नाही." मी ते सौम्य करून लिहिलं. त्यांनी मला मोठ्याने वाचायला लावलं, मराठीत अर्थ विचारला आणि म्हणाले, "तू गोड केलंस. परत लिही." मालकांनी समजावलं, सण तोंडावर आहे, मुलं चित्र बघून घेतात. मास्तर म्हणाले, "घेताना चित्र बघतात, बाबा. नंतर घरी रडतात, तेव्हा तुम्ही नसता." तो संच आला नाही.

फरवानियातल्या खोलीत ते चौघांत राहत, सगळे तिकडचेच, कोणी सुतार, कोणी वायरमन. शुक्रवारी माशाची कढी त्यांच्या हातची. कधी कधी मी त्यांना गाडीतून घरी सोडायचे. मग आमच्याकडे, जाब्रियाला, येणं सुरू झालं. माझा नवरा सचिन तिथल्याच हॉस्पिटलात फिजिओथेरपिस्ट आहे. मुलगी मिहिका तेव्हा पहिलीत. मास्तर तिच्याशी मालवणीत बोलत आणि ती त्यांना इंग्रजीत उत्तरं देई. "कित्याक रडतंस गो?" "बिकॉज आई इज मीन!" दोघांचं कधी अडलं नाही. माझं मात्र तिच्याशी मराठीतच रोज अडतं, तो भाग वेगळा.

त्या घरगुती संध्याकाळींत एकदा मास्तरांनी आपला बेत सांगितला. अजून दोन वर्षं इथे, मग गावी. पडवीत शिलाईचं मशीन आहेच, त्यावर लहान पोरांचे कपडे शिवायचे. "तीस वर्षांत मी त्या घरात किती राहिलो असेन? दोन वर्षांतून एक महिना. त्या महिन्यात मी काय करतो ठाऊक आहे? शिवतो. पडदे, अभ्रे, सुलभेची पोलकी, शेजाऱ्यांच्या लेंग्यांच्या नाड्यासुद्धा. मशीन चालू असलं की त्या घरात माझी जागा आहे. बंद झालं की मी पाहुणा. ती पण मला पाहुण्यासारखा चहा विचारते." हे हसत सांगितलं होतं. आम्हीही हसलो.

ते गेल्यावर सचिन म्हणाला, "तुझ्या मास्तरांचा डावा हात बघितलास? चालताना हलत नाही. नुसता लटकतो. त्यांना म्हणावं, एकदा डॉक्टरांना दाखवा."

"म्हातारपण असेल."

"नाही वाटत मला. तू सांग त्यांना."

मी सांगते म्हणाले. आणि सांगितलं नाही. कारणं पुष्कळ होती. रमझानच्या मध्यावर इथे गरगिआन असतो, मुलांचा सण, त्याच्या ऑर्डरींची धावपळ होती. त्यांना उगाच घाबरवायचं कशाला, असंही वाटलं. आणि खरं कारण सांगायचं तर इकामा. इथे राहायचा परवाना नोकरीला बांधलेला असतो. डॉक्टरने काही भलतंसलतं सांगितलं आणि नोकरी गेली तर माणसाला सामान बांधावं लागतं. मी गप्प राहून त्यांची नोकरी सांभाळतेय असं मला वाटत होतं. दोन महिने गेले.

आता लिनबाई. खरं नाव वेगळं, पण मास्तर तिला लिनबाई म्हणत. चीनमधल्या कुठल्याशा गावात तिचा लहानसा कारखाना, कारखाना कसला, आठ-दहा बायका आणि चार टेबलं. बाहुल्यांच्या चपला आणि सँडल्स ती करायची. दहा-अकरा वर्षांत तिचा एकही संच मास्तरांनी नापास केला नव्हता. दोघं कधी भेटले नाहीत, एकमेकांची भाषा येत नाही, पण तिचा खोका आला की मास्तर आधी तोच उघडत. "ही बाई स्वतः घालून बघते," ते म्हणायचे. "बघ, बक्कलची टोकं गोल केलीयत. पोराच्या बोटाला बोचू नये म्हणून. हे तिला कोणी सांगितलं नाही." तिचीही पत्रं गमतीची. यंत्राने भाषांतर केलेलं तुटकं इंग्रजी, शेवटी नेहमी एकच ओळ, मास्तरांना नमस्कार, ते जेवतात ना वेळेवर?

त्या मोसमात तिच्या नव्या सँडल्स आल्या, पांढऱ्या, बारीक बक्कलच्या. मास्तर जमिनीवर बसले, उजवा हात मांडीखाली घेतला आणि तासाभराने हाक मारली, "बाय, लिही. बक्कल लागत नाही. नापास."

मला नवल वाटलं, पण त्या मोसमात बरंच काही नापास होत होतं. कंगव्यांची मूठ निसटती, डब्यांची झाकणं घट्ट. मालक कुरकुरायला लागले होते. मास्तर उलट म्हणत, "सगळीकडचं काम बिघडलंय. कोणाला बोटाची पर्वा राहिली नाही." मी लिनबाईला कळवलं. तिने पंधरा दिवसांत बक्कल मोठं करून पाठवलं. नापास. मग पट्टा मऊ केला. पुन्हा नापास. तिसऱ्या वेळी तिचं पत्र आलं ते मी त्यांना मराठीत वाचून दाखवलं. 'मास्तरांना विचारा, आता आणखी काय करू? माझ्याकडच्या बायका म्हणतात, त्यांच्या लहान मुली सहज लावतात. पण मास्तर लागत नाही म्हणतात, म्हणजे लागत नसणारच. माझीच नजर गेली असेल.'

मास्तरांनी सँडल पुन्हा हातात घेऊन उलटीपालटी केली. त्यांना वाईट वाटत होतं ते दिसत होतं, आणि वाईट वाटलं की ते कडक होत. म्हणाले, "लिही. तुमच्या हातात पूर्वीचं काम राहिलं नाही. दहा वर्षांची ओळख आहे म्हणून स्पष्ट सांगतो."

या वेळी मी गोड केलं नाही. त्यांनी सांगितलं तसं लिहिलं आणि पाठवलं. सँडल्सची ऑर्डर दुसऱ्या कारखान्याला गेली.

त्यानंतर आठवड्याभराने मिहिकाच्या शाळेला सुट्टी होती, घरी कोणी नव्हतं, मी तिला ऑफिसात घेऊन आले. मास्तर खुश. तिला सतरंजीवर बसवलं, नापास मालाचं कपाट उघडून दिलं, काय हवं ते घे म्हणाले आणि आपल्या कामाला लागले. मी दारातल्या टेबलावर टाइप करत होते. थोड्या वेळाने मिहिका म्हणाली, "आजोबा, लुक! शी इज रेडी फॉर अ पार्टी."

बाहुलीच्या दोन्ही पायांत लिनबाईच्या पांढऱ्या सँडल्स होत्या. बक्कलं लागलेली.

"कोणी लावली गो?"

"मी! इट्स सो ईझी."

मास्तर म्हणाले, "काढ बघू. परत लाव." तिने लावली. बोलता बोलता, खिडकीकडे बघत. "आता डाव्या हाताने लाव." तिला हा खेळच वाटला. जीभ बाहेर काढून, जरा वेळ घेऊन, तिने डाव्या हातानेही लावली. ही पहिली सँडल होती, बारीक बक्कलची, लिनबाईने मोठं करायच्या आधीची.

मग मास्तरांनी बाहुली स्वतःकडे घेतली. मी टायपिंग थांबवलं होतं. त्यांची डावी बोटं बक्कलपाशी गेली आणि तिथे घुटमळली. अंगठा जागेवर पोचायचा, तर्जनी मागे राहायची. पुन्हा केलं. पुन्हा तेच. मग त्यांनी मांडीखालचा उजवा हात काढला आणि बक्कल लागलं. डाव्याने, नाही. उजव्याने, लागलं. असं ते किती वेळ करत होते देव जाणे. मिहिका म्हणाली, "डू यू वॉन्ट मी टू हेल्प?"

मला त्या क्षणी मुलीला उचलून बाहेर न्यायचं होतं. मी जागची हलले नाही.

मास्तरांनी नापास कपाटातले सगळे संच खाली काढले आणि एकेक करून तिच्यापुढे ठेवले. कंगवे, डबे, झाकणं. तिने एक दोन सोडून सगळं लावलं, उघडलं, मिटलं. जे दोन लागले नाहीत ते मास्तरांनी हातात घेऊन निरखले आणि म्हणाले, "हे मात्र खरंच वाईट आहेत." त्यांच्या आवाजात थोडं समाधान होतं. मला त्या समाधानाने रडू आलं.

त्या संध्याकाळी मी त्यांना गाडीत सगळं सांगितलं, सचिनने दोन महिन्यांपूर्वी पाहिलेलं, मी लपवलेलं. ते रागावतील असं वाटलं होतं. ते म्हणाले, "दोन महिन्यांपूर्वी म्हणजे लिनबाईच्या दुसऱ्या खोक्याच्या आधी." एवढंच. जाब्रियातल्या डॉक्टरांनी तपासलं आणि पार्किन्सन सांगितला. गोळ्यांनी धीमा करता येईल, बरा होणार नाही, आणि आज ना उद्या उजवाही.

मी आणि सचिनने डोकं चालवलं. उपाय अगदी सोपा होता. मी एक नवा अहवाल लिहीन, पुन्हा तपासणी केली, सँडल्स पास. कोणाला काही कळायचं कारण नाही. गोळ्या सुरू करायच्या, दोन वर्षं रेटायची. मी हे त्यांना मोठ्या उत्साहाने सांगितलं.

"आणि तिला लिहिलं ते? तुमच्या हातात पूर्वीचं काम राहिलं नाही, ते?"

"तेही काहीतरी सांभाळून लिहू, मास्तर. पण मालकांना कळलं तर तुमचा इकामा जाईल. घरी जाऊन करणार काय?"

"तेच माका कळणा नाय," मास्तर म्हणाले. माझ्याशी ते पहिल्यांदाच पूर्ण मालवणीत बोलले. "शिवूक येना नाय असो शिंपी घराक जावन काय करतलो? पण त्या बायलमाणसाच्या मनात काय बसला असात? ती रोज आपले हात बघत असतली. मी तिका तशी सोडून हय बसाक शकणा नाय गो."

दुसऱ्या दिवशी ते मालकांच्या केबिनमध्ये गेले. मला बरोबर नेलं, साक्षीला म्हणून. मोडक्या हिंदीत त्यांनी सगळं सांगितलं, सँडल्स, कंगवे, डबे, डावा हात. अबू युसुफ हातातली जपमाळ फिरवायची थांबले. त्यांनी उठून मास्तरांचा डावा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. म्हणाले, "मुअल्लिम, सीधा हाथ है ना तुम्हारा? सीधे हाथ से करो. कौन देखेगा?"

"सीधे हाथ से तो सब पास होता है, बाबा."

"तो होने दो सब पास!"

मास्तर हसले आणि मान हलवली. मालकांनी आणखी बरंच म्हटलं, सहा महिने बस, नुसता बस, मी कुठे काम मागतोय. भला माणूस. पण मास्तरांनी एकच मागणं मागितलं, सँडल्सची ऑर्डर लिनबाईला परत द्यावी. ते काही होण्यासारखं नव्हतं. दुसऱ्या कारखान्याने तयार माल धाडलाही होता, कंटेनर समुद्रात होता.

तिला पत्र लिहिलं ते मास्तरांनी शब्द न शब्द सांगितलं. मोजक्या ओळी. चूक माझ्या हाताची होती. तुमचं काम पूर्वीइतकंच चांगलं आहे. तिन्ही खोके पास होते. पहिला सगळ्यात चांगला. मला क्षमा करा.

उत्तर चार दिवसांनी आलं. मी ते आधी एकटीने वाचलं, मग त्यांना वाचून दाखवलं. लिनबाईने लिहिलं होतं की सँडल्सचं टेबल तिने बंद केलं, त्यावरच्या तीन बायकांना घरी पाठवलं. 'मी त्यांच्यावर खूप ओरडले. त्यांना म्हटलं, तुमच्यामुळे माझं नाव गेलं. त्यांतली एक माझी बहीण आहे. आता तिला कसं सांगू?' खाली एक ओळ सोडून आणखी एक ओळ होती. 'मास्तरांचा हात दुखतो का?'

मास्तर खिडकीबाहेर बघत होते. बाहेर धुळीचं वादळ होतं, समोरची बँकसुद्धा दिसत नव्हती. "लिही," ते म्हणाले, "दुखत नाही म्हणावं. दुखला असता तर मला केव्हाच कळलं असतं."

पुढचा महिना कागदपत्रांत गेला. त्यांच्या जागी आलेली मुलगी हुशार आहे, टेबलावर बसते, यादीवर खुणा करते, दोन्ही हात वापरते. सगळं पास होतं. मालक आता त्या खोलीत सहसा जात नाहीत. मी जाते, कारण मला जावंच लागतं, आणि तिची मतं इंग्रजीत लिहिताना मला कधी काही गोडही करावं लागत नाही आणि कडूही. मला हे काम आवडेनासं झालंय. सोडत नाही, कारण घराचे हप्ते आहेत, मुलीची शाळा आहे. माणूस असाच असतो. मास्तर तसे नव्हते.

गोव्याचं विमान दुपारचं होतं. सचिनची ड्यूटी होती, मी एकटीच त्यांना सोडायला गेले. खोलीतले तिघे कामावरून सुटू शकत नव्हते, त्यांनी सकाळीच मिठी मारून निरोप घेतला होता. मास्तर नवा शर्ट घालून आले होते, स्वतः शिवलेला, फिका निळा, पूर्ण बाह्यांचा. सामान फार नव्हतं. तीस वर्षांचा माणूस दोन बॅगांत मावला होता. रांग लांब होती म्हणून आम्ही काचेच्या दाराजवळ जरा उभे राहिलो.

"घरी कोण येणार न्यायला?" मी विचारलं.

"सुलभा येते विमानतळावर. दर वेळी येते."

"त्यांना नीट सांगितलंत ना सगळं? गोळ्यांच्या वेळा वगैरे?"

मास्तर बॅगेवरची नावाची चिठ्ठी वाचू लागले.

"मास्तर! सांगितलं नाहीत अजून?"

"नोकरी संपली एवढं सांगितलं. ती म्हणाली, बरं झालं. मशीनला तेल घालून ठेवलंय म्हणाली."

"अहो, फोनवर सांगायचं."

"फोनवर हात दिसत नाही, बाय. म्हणून दीड-दोन महिने निभावलं." त्यांनी पासपोर्ट उजव्या हाताने शर्टाच्या खिशात ठेवला, आणि तेव्हा मला दिसलं. त्यांच्या उजव्या बाहीचं बटण उघडं होतं. डाव्या बाहीचं लागलेलं, कारण ते उजव्या हाताने लावता येतं. उजव्या बाहीचं लावायचं तर डावा हात लागतो. शिंप्याने स्वतः शिवलेल्या शर्टाची बाही मनगटापाशी लोंबत होती.

मी पाहिलं हे त्यांनीही पाहिलं. मला वाटलं ते हात खिशात घालतील. त्यांनी तसं केलं नाही. एवढी माणसं आजूबाजूला, ट्रॉल्या ढकलणारी, पोरांना ओढणारी, आणि मास्तरांनी उजवा हात सरळ माझ्यापुढे धरला. "लाव गो," म्हणाले. "ती आल्याबरोबर तिथेच बघेल."

मी बटण लावलं. एका झटक्यात लागलं. ते इतक्या सहज लागलं याची मला लाज वाटली. मी ते पुन्हा काढलं आणि जमत नसल्यासारखं, सावकाश, पुष्कळ वेळ घेऊन परत लावलं.